आरशाखाली चार पाय

“मॅडम, बस जर आपली आपण चालणार असेल, तर ड्रायव्हरने काय करायचं? घोरायचं?”

अख्खं सभागृह खदाखदा हसलं. मागच्या रांगेत चष्मिष आणि लंबू एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज त्यांचीच होती. “विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं तुझ्या खांद्यावर,” असं त्यांनी बजावलं होतं. आणि शिट्टीने नुसतं विचारलं नव्हतं. पुढे आलेला माइक हातानेच बाजूला सारून, ताठ उभं राहून, भिंती दणाणतील अशा आवाजात विचारलं होतं.

शिट्टी हे तिचं शाळेतलं टोपणनाव. मागच्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही तिचा आवाज घशात अडकायचा. दहावी सुरू झाली आणि एके दिवशी धडा वाचणारीला सर्दी झाली म्हणून बाईंनी हिला उभं केलं. काय झालं कोण जाणे, हिच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. सगळ्यात जास्त दचकली ती स्वतः. पण एकदा दचकून झाल्यावर तिला ते इतकं आवडलं की तेव्हापासून तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमलेलं नव्हतं. खुद्द तिच्या बापालाही नाही.

व्यासपीठावरच्या इंजिनिअर मॅडम मात्र चिडल्या नाहीत. पांढरेशुभ्र बूट, बारीक आवाज, आणि पाठीमागे पडद्यावर त्यांची ती बिनआवाजाची बस. त्या हसून म्हणाल्या, “घोरू दे की! आमचं स्वप्नच ते आहे. काही वर्षांनी तर ती खुर्चीसुद्धा नसेल.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्टीनेही वाजवल्या. वाजवता वाजवता मात्र तिचे हात जरा मंदावले, कारण त्या खुर्चीवर सध्या तिची आई बसत होती.

हे फक्त चष्मिषला आणि लंबूला ठाऊक होतं. म्हणून तर पैज.

आईने सोळा वर्षं साध्या बसा चालवल्या होत्या. गेल्या तीन महिन्यांपासून तिला या नव्या बसवर ‘सुरक्षा चालक’ म्हणून बसवलं होतं. बसवलं होतं हा शब्द अगदी खरा. तिने काही करायचंच नव्हतं. हात मांडीवर, तळवे वर. उजवा पाय ब्रेकच्या वर दोन बोटं अधांतरी. टेकवायचा नाही, काढायचाही नाही. चुकून पाय लागला की डोक्यावरचा पिवळा दिवा पेटायचा आणि एक गोड आवाज म्हणायचा, “हस्तक्षेप नोंदवला.” मग संध्याकाळी त्या हस्तक्षेपाची तपासणी. गरज होती, तर ठीक. गरज नव्हती, तर ‘विनाकारण’ असा शेरा. असे तीन शेरे मिळाले की गाडीवरून खाली उतरून पास द्यायच्या खिडकीत बसायचं, कायमचं.

आईच्या नावावर दोन होते. पहिला एका उडत्या पिशवीचा, आणि तो आईला मान्य होता. दुसरा चेंडूचा. रस्त्यावर चेंडू घरंगळत आला आणि तिने ब्रेक दाबला, कारण चेंडूमागे मूल येतं. त्या दिवशी नेमकं आलं नाही.

रोज घरी आली की आईच्या पोटरीत गोळे येत. बाबा एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात इस्त्रीवर होते. दिवसभर चादरी दाबून दाबून त्यांचे हात आधीच भरून आलेले असायचे. तरी ते तिच्या पोटरीला तेल चोळत आणि म्हणत, “सोळा वर्षं गाडी चालवलीस तेव्हा कधी पाय दुखला नाही. आता नुसती बसतेस तर बघा कशी कण्हते!”

“नुसतं बसून बघा एकदा,” आई म्हणायची. “समोरून माणूस येतंय आणि पाय हवेत धरून बसायचं. जीव पायात येतो.”

तर सभागृहात तो प्रश्न विचारला आणि शिट्टीचं नशीबच फळफळलं. कार्यक्रम संपल्यावर इंजिनिअर मॅडमनी तिला बोलावून घेतलं. बसची मोठी चाचणी होती, पाहुणे येणार होते, आणि त्यांना विद्यार्थ्यांपैकी एक आवाज हवा होता. “तू काही लिहितेस का?”

लिहिते का म्हणजे काय! ‘पन्नास वर्षांनंतरची सकाळ’ हा तिचा निबंध महिनाभर शाळेच्या फलकावर होता. त्यात गच्च्यागच्च्यांवर बागा होत्या, रस्त्यांवर धूर नव्हता, कुणी रांगेत ताटकळत नव्हतं, कुणाला घाम येत नव्हता. मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या तो वाचला आणि त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, “आमची एक शाळा आहे. दोन वर्षं राहायचं, आमच्या प्रयोगशाळेत शिकायचं, अशीच यंत्रं बनवायची. वर्षाला दहा मुलं घेतो. तुझं नाव मी सुचवणार आहे. पत्रावर सही माझीच असते.”

शिट्टी घरी आली ती जमिनीपासून वीतभर वरून. आईने सगळं ऐकून घेतलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि एकच अट घातली.

“डेपोत मला आई म्हणायचं नाही. ड्रायव्हर मॅडम म्हणायचं. नाहीतर म्हणतील, आईने मुलीला चिकटवलं.”

“आणि चुकून तोंडातून निघालं तर?”

“तुझ्या तोंडातून चुकून काय काय निघतं ते मला माहीत आहे. म्हणून तर सांगतेय.”

चाचणीच्या दिवशी बस डेपोत उभी होती, धुऊन पुसून. आत बाकं आडवी लावलेली, पाहुण्यांची तोंडं खिडक्यांकडे. पण खिडक्या खिडक्या नव्हत्याच, ते पडदे होते. बस निघाली की त्यांवर पन्नास वर्षांनंतरचं शहर दिसणार होतं, आणि शिट्टीने आपला निबंध त्या चित्रांच्या तालावर म्हणायचा होता. बाहेरचा खरा रस्ता दिसणार होता तो फक्त समोरच्या काचेतून, म्हणजे आईला आणि आईच्या शेजारी दांडा धरून उभ्या असलेल्या शिट्टीला. मॅडम सगळ्यात मागे लॅपटॉप उघडून बसल्या.

बसण्याआधी त्या पुढे येऊन आईला हळूच म्हणाल्या, “आज काहीही झालं तरी हात मांडीवर हं.”

“काहीही म्हणजे?” आईने विचारलं.

“म्हणजे गाडीवर विश्वास ठेवा. तुमचे आधीच दोन आहेत, माझ्या लक्षात आहे.”

आई खुर्चीत ताठ बसली. तिने तळवे वर केले, पाय उचलला. तिच्या मानेवरची शीर ताठ झालेली शिट्टीला जवळून दिसली.

बस निघाली. आवाज नाही, धक्का नाही. खिडक्यांत हिरवंगार शहर उजळलं आणि पाहुण्यांच्या तोंडून “अहाहा” निघालं. शिट्टीने सुरुवात केली. कागद हातात होता तो नुसता शोभेला. निबंध तिला झोपेतही येत होता. तोंड म्हणत होतं, डोळे समोर होते.

“पन्नास वर्षांनंतरच्या सकाळी कुणी धावत घराबाहेर पडणार नाही…”

समोर एक बाई एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात केस धरून धावत रस्ता ओलांडत होती. बस हळू झाली, थांबली, तिला जाऊ दिलं. गोड आवाज म्हणाला, “पुढचा रस्ता मोकळा.” शिट्टीचा ऊर भरून आला. केवढी शहाणी गाडी! तिने तिरक्या नजरेने आईकडे बघितलं. आईचा पाय थरथरत होता, पण हवेत होता.

पुलाच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो. तिथे घरसामानाचा एक टेम्पो उभा होता. बसने तो बरोबर ओळखला, जरा बाजूला झाली, पण वेग कमी केला नाही. टेम्पोच्या पुढे तर रस्ता रिकामा होता. सरळ, राखाडी, वर आभाळ.

“…प्रत्येकाला हवं ते घरबसल्या मिळेल, आणि रस्ते…”

त्या रस्त्याच्या खाली पाय होते.

शिट्टीला आधी कळलंच नाही आपण काय बघतोय. राखाडी रस्ता एका लाकडी चौकटीत होता, आणि चौकटीखाली चार पाय चालत होते. त्यांतल्या एका पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून तो पाय घासत घासत चाललेला. दोन माणसं एका कपाटाचा भलामोठा आरसा आडवा, जरा तिरका धरून नेत होती आणि त्या आरशात बस नव्हे, बाजूचा रिकामा रस्ता दिसत होता.

“पुढचा रस्ता मोकळा,” गोड आवाज म्हणाला.

शिट्टीचं वाक्य तोंडातच राहिलं. आणि आईचा पाय खाली आला.

बस किंचाळली. बाकांवरचे पाहुणे एकमेकांवर आदळले, कुणाचा चष्मा खळ्ळकन फुटला, पाण्याची बाटली घरंगळत पुढे आली. पिवळा दिवा पेटला. “हस्तक्षेप नोंदवला.” काचेपलीकडे, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, आरसा हलला. मागून एक घामेजला चेहरा डोकावला, त्याने बसला एक सणसणीत शिवी हासडली, आणि दोघं भराभर रस्ता ओलांडून एका गल्लीत गडप झाले. मागून मॅडम पाहुण्यांना सावरत, माफी मागत पुढे येईपर्यंत समोर खरोखरच मोकळा रस्ता होता.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“माणसं होती,” आई म्हणाली. “आरसा घेऊन.”

मॅडमनी रस्त्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. लॅपटॉपवर निळ्या रेघांचा नकाशा होता. टेम्पोच्या जागी एक चौकोन. पुढे काहीच नाही.

बस परत डेपोकडे निघाली. खिडक्यांत बागा तशाच फुलत होत्या, त्या बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

डेपोतल्या छोट्या खोलीत मॅडमनी शिट्टीला समोर बसवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

“अडीच वर्षं झाली मला या गाडीवर काम करून,” त्या म्हणाल्या. “आणि पाहुणे काय बघून गेले? ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला.”

“पण मॅडम, तुमच्या कॅमेऱ्यात दिसेल ना?”

“गाडी चित्र साठवत नाही. इतकी चित्रं कुठे ठेवणार? जे समजलं तेवढंच साठवते. आणि तिला समजलं की रस्ता मोकळा आहे.” त्यांनी एक कोरा फॉर्म पुढे सरकवला. ‘प्रत्यक्षदर्शीचे निवेदन’. “समोर बघणारी दुसरी कुणी नव्हती. उद्या सकाळी दहापर्यंत मला हे हवंय. नीट आठवून लिही. तू तर वाचत होतीस ना?”

तो प्रश्न होता की मदत, ते शिट्टीला कळेना.

“आणि… समजा विनाकारण असा शेरा पडला, तर?”

“तर गाडी त्यातून शिकेल. तिला सांगितलं जाईल की तिथे थांबायची गरज नव्हती, तुझंच बरोबर होतं. पुढच्या वेळी ती आणखी विश्वासाने पुढे जाईल.” मॅडम पहिल्यांदा जराशा हसल्या. “तुझं पत्र तयार आहे. एकदा हे मिटलं की सही करते.”

शिट्टीच्या तोंडावर आलं होतं, ती माझी आई आहे. पण आईची अट होती. शिवाय आता सांगितलं तर मॅडम म्हणणार, मग काय, मुलगी आईच्याच बाजूने बोलणार. आणि सांगितलं नाही तर तेही लपवल्यासारखंच. आयुष्यात पहिल्यांदा आवाज सापडला होता आणि नेमकं आज काय बोलावं तेच सापडत नव्हतं. तिने फॉर्मची घडी घातली आणि खिशात ठेवली.

बाहेर फाटकाशी चष्मिष आणि लंबू उभ्या होत्या. “काय गं, घोरत होत्या का ड्रायव्हर मॅडम?” लंबूने विचारलं. शिट्टीचा चेहरा बघितल्यावर चष्मिषने तिला कोपराने ढोसलं. दोघी मुकाट्याने तिच्या दोन्ही बाजूंनी घरापर्यंत चालत आल्या. मध्ये एका दारातून दोन माणसं गादी बाहेर काढत होती. एक म्हातारा सायकलच्या मागे शिडी बांधून चालला होता. एका बाईच्या डोक्यावर खुर्ची होती, उलटी. शिट्टी प्रत्येकाकडे वळून वळून बघत होती. तिच्या निबंधात अख्खं शहर होतं, पण कुणी काही उचलून नेत नव्हतं. कुणी घर बदलत नव्हतं. कुणाची चप्पल तुटत नव्हती. महिनाभर फलकावर होता निबंध. तिच्याही ध्यानात आलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

घरी आई खुर्चीत बसली होती आणि आज पोटरी चोळायला बाबांना हाक मारत नव्हती. बाबा कामावरून आलेले, हातातल्या हातात पेला फिरवत उभे. दोघांचं बोलणं आधीच झालेलं होतं, हे शिट्टीला दारातच कळलं. ती आत आल्यावर ते ज्या तऱ्हेने गप्प झाले, त्यावरून.

“फॉर्म दिलाय ना तुला?” आईने विचारलं.

शिट्टीने तो टेबलावर ठेवला.

“सोपं आहे,” आई म्हणाली. तिने हे मनात दहादा घोकलेलं असणार. “लिहायचं की मी निबंध वाचत होते, माझं लक्ष कागदावर होतं, मला काही दिसलं नाही. संपलं. यात खोटं बोलणं नाही की काही नाही.”

“मी कागदाकडे बघत नव्हते.”

“ते कुणाला माहीत आहे?”

“मला.”

बाबा खाकरले. “हे बघ बाळा, तिसरा शेरा पडला म्हणून कुणी मरत नाही. खिडकीतलं काम वाईट नाही. पंखा आहे, वेळेवर सुट्टी आहे. पाय दुखायचा नाही. तुझी मात्र ही संधी गेली तर…”

“तुम्हाला वाटतं आईला खिडकीत बसवेल?”

“मला बसवेल,” आई म्हणाली. फार पटकन म्हणाली. “सोळा वर्षं चालवली, पुष्कळ झाली. दहा मुलांत माझी मुलगी जातेय. मला आणखी काय हवं?”

“आई, माझ्याकडे बघ. त्या चपलेचा अंगठा कुठल्या पायाचा तुटला होता?”

आई दचकली. “डाव्या,” ती हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “पण म्हणून काय झालं? तू माझी मुलगी आहेस हे उद्या ना परवा कळणारच. तुझा शब्द कोण धरणार? माझा शेरा पडायचा तो पडेलच आणि तुझं पत्रही जाईल. दोन्हीकडून बुडू आपण! एकीने तरी वर राहावं की नाही?”

शिट्टीने फॉर्म स्वतःकडे ओढला. शिट्टीच्या कानात मॅडमचं वाक्य घुमत होतं. आणखी विश्वासाने पुढे जाईल. तिला तो अरुंद रस्ता दिसला, तीच बस, पण खुर्चीवर कुणीच नाही. हिरव्या खिडक्यांकडे तोंड करून बसलेली माणसं. पुढे एक आरसा, नाहीतर काचेचं दार, नाहीतर दुकानाची भलीमोठी काच, आणि ती धरणारे हात. गाडीला कुणीतरी आधीच शिकवून ठेवलेलं, की असं दिसलं तर थांबायची गरज नसते. शिकवणाऱ्याच्या सहीचा कागद कुठेतरी कपाटात, त्याच्या खाली तिचं नाव. मला काही दिसलं नाही.

 मॅडम वाईट नव्हत्या. त्यांची गाडी खोटी नव्हती. धावत्या बाईसाठी ती थांबली होती, किती नीट थांबली होती! शिट्टीला अजूनही ती गाडी हवी होती. पण जशी पडद्यावर दाखवतात तशी नाही. त्या रस्त्यावर चालेल अशी.

तिने पेन उघडलं.

“काय लिहितेस?” आईने विचारलं. बाबा पेला ठेवून पुढे आले.

पहिली ओळ लिहून होईपर्यंत शिट्टीने मान वर केली नाही. मग तिने पेन खाली ठेवलं आणि उभी राहिली. बसून बोलण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आवाज घशात अडकला नाही.

“आई, बाबा, मी ठरवलंय. मी पहिल्याच ओळीत लिहिलंय की बस चालवणारी माझी आई आहे, म्हणजे कुणाला शोधून काढायचे कष्ट नकोत. त्याखाली आरसा, चौकट, चार पाय, डाव्या चपलेचा तुटलेला अंगठा, आणि गाडी काय म्हणाली ते, शब्दन् शब्द लिहिणार आहे. त्या दोघांना शोधायचं असेल तर कुठली गल्ली तेही लिहिणार. पत्रावर सही झाली तर मी त्या शाळेत जाईन आणि पहिल्याच दिवशी विचारीन, गाडीला आरशाखालचे पाय कसे दिसतील? नाही झाली तर जाणार नाही. उद्या दहाच्या आत डेपोत मी स्वतः जाऊन फॉर्म देणार आहे. आणि तिथे सगळ्यांसमोर तुला आई म्हणणार आहे.”